शाईचं पेन भरलं की वहीवर थेंब पडालेत, उपाय सांगा

नंदगडकर

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीला आहे, मराठी माध्यम. बाईंनी वर्गाला सांगितलंय, अक्षर वळणावर आणायचं तर वर्षभर शाईच्या पेनानंच लिहा. परवा बेळगावला गेलो होतो, तेव्हा खडे बाजारातून एक पेन आणि शाईची बाटली घेऊन आलो. पेन साधं आहे. मागची नळी फिरवून काढायची, ड्रॉपरनं शाई ओतायची, परत बसवायची. नळी आरपार दिसणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कुणावर ठपका नको.

तक्रार अशी की लिहिता लिहिता मध्येच टप्पकन थेंब पडतोय. आधी दोन ओळी शाई दाट येते, मग थेंब. जोडातून गळत नाही, आटे कोरडे असतात, निबेतूनच येतंय. भरताना पोर काळजी घेते. सांडायला नको म्हणून नळी निम्मीच भरते. तरी गणिताची वही बघवत नाही. भरण्यात काही चुकालंय, की पेनच टाकाऊ निघालं? दुसरं घ्यायचं तर कसलं घेऊ?

निपाणीचा_गडी

जोडावर दोरा गुंडाळा की ओ. शिवणाचा पांढरा दोरा, दोन-चार येढं, वर जरा मेण चोळायचं आणि आटं आवळायचं. आमच्या शाळंत सगळी पोरं असंच करायची. थेंब भाईर येत न्हवता. नवं पेन घ्यायचं काय कारण न्हाई.

टाकबोरू

दादा, दोरा जोडातून गळणाऱ्या पेनाला. यांचे आटे कोरडे आहेत, तसं स्पष्ट लिहिलंय त्यांनी.

नंदगडकर, ‘निम्मीच भरते’ इथंच घोळ आहे. ड्रॉपरचं पेन भरलेलं असताना सहसा थेंब टाकत नाही, रिकामं होत आलं की टाकतं. उद्यापासून नळी आट्यांच्या थोडं खालपर्यंत भरू दे. आणि शाई एक तृतीयांशावर आली की परत भरायची, संपायची वाट बघायची नाही. पेन टाकू नका, बहुतेक चांगलं असणार.

शहापूर_पेठ

हे काय उलटंच? जास्त भरलं तर जास्त गळेल का कमी? माझं आपलं साधं डोकं, जरा फोड करून सांगा.

टाकबोरू

सांगतो. लिहिताना जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा जिभेच्या खाचेतून आत येते. (जीभ म्हणजे निबेच्या पोटाला चिकटलेली ती काळी पट्टी.) ही हवा नळीत शाईच्या वर साठते. कोंबड्यांना पाणी ठेवायला बाटली भरून ताटलीत उलटी ठेवतात ना, तसाच हा प्रकार. आतला-बाहेरचा दाब जुळलेला असतो तोवर पाणी थांबून राहतं. बाटली उन्हात तापली की ताटली वाहून जाते.

आता आकडे घ्या. नळी तीन मिलीची धरू. सकाळची खोली २३ अंश, आणि हाताच्या उबेनं नळी ३१ पर्यंत गेली. आठ अंशांनी हवा फुगते सुमारे २.७ टक्के. नळी बहुतेक रिकामी आहे आणि आत अडीच मिली हवा आहे, तर ती फुगून जवळपास ०.०७ मिली शाई पुढं ढकलणार. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. म्हणजे थेंब आणि वर थोडी. शाईतल्या पाण्याची वाफ होते ती धरली तर आणखीच. आता नळी भरलेली आहे, हवा फक्त ०.३ मिली. ढकलली जाणार ०.०१ मिलीपेक्षाही कमी. जिभेला आडव्या बारीक खाचा असतात त्या कशासाठी? ही एवढीशी जादा शाई धरून ठेवायलाच. त्यात ती मुरते, वहीपर्यंत येत नाही.

तुम्ही लिहिलंय ना, आधी दोन ओळी दाट येतात आणि मग थेंब, ती त्या खाचा भरून वाहायला लागल्याची खूण. दाट आली की हात थांबवायचा आणि निब फडक्याला टेकवायची. वही वाचते.

अजून एक. पेन दप्तरातून काढलं की टोपण उघडताना निब वर ठेवायची. उघडल्यावरही तशीच वर धरून नळी क्षणभर मुठीत धरायची. निब वर असली की हवा निबेकडं असते, त्यामुळे जे फुगायचं ते हवेच्याच रूपानं निघून जातं. मग खाली करून लिहायला घ्यायचं. आणि दाबून बसवायचं टोपण असेल तर ते हळू काढा. झटक्यानं ओढलं की पिचकारीसारखं शाई ओढून आणतं.

शहापूर_पेठ

पटलं बुवा. इतकी वर्षं पेनाला शिव्या देत होतो.

कडोलीची_लेक

मी शाळेत शिकवते, आणि शाई भरण्याचा तास हा आमच्याकडे वेगळाच तास असतो. नंदगडकर दादा, मुलीला पूर्ण नळी भरायला सांगाल तेव्हा सांडणारच, म्हणून पद्धत लिहिते.

जुना पेपर अंथरायचा. एका वाटीत तांदूळ घेऊन त्यात नळी उभी रोवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. ड्रॉपरचा रबरी गोळा शाईत घालायच्या आधी दाबायचा. पोरं शाईत बुडवून मग दाबतात, बुडबुडे येतात आणि निम्मा ड्रॉपर हवेनंच भरतो. शाई ओढली की ड्रॉपरचं टोक नळीच्या तळापर्यंत न्यायचं, सावकाश सोडायचं, आणि शाई वर येईल तसं टोक वर घ्यायचं. वरूनच सोडली तर अरुंद नळीच्या तोंडाशी थेंब अडकून बसतो, खाली हवा कोंडते. मुलांना वाटतं भरली, आणि जोड लावायला गेलं की भसकन बाहेर. आट्यांच्या खाली करंगळीच्या नखाएवढी जागा सोडायची, कारण निबेचा भाग बसताना आत घुसतो आणि तेवढी शाई वर येते.

मग नळी तांदळात उभीच ठेवून निबेचा भाग वरून फिरवून बसवायचा. नळी आडवी करून जोडायला जायचं नाही. आवळायचं ते बोटाच्या जोरानं, पकडीनं नव्हे. मी नळीला तडा गेलेली पेनं ढीगभर बघितलीत, सगळी बापांनी आवळलेली!

निब कोरडी असेल तर पेन निब खाली करून दोन मिनिटं ठेवायचं, शाई आपोआप उतरते. झटकायचं नाही. आमच्या वर्गाची मागची भिंत एकदा येऊन बघा, कळेल.

पुण्यातला_बेळगावकर

टिळकवाडीचाच आहे, नोकरीला पुण्यात. माझं मत सरळ आहे: शाळकरी पोराला ड्रॉपरचं पेन द्यायचंच कशाला? कन्व्हर्टरचं घ्या (कन्व्हर्टर म्हणजे पेनात बसणारी, शाई ओढून घेणारी छोटी नळी). निब बाटलीत बुडवायची, मागचं बोंडं फिरवायचं, शाई वर चढते. ड्रॉपर नको, तांदूळ नको. कन्व्हर्टरमध्ये शाईच मुळात पाऊण मिलीच्या आसपास राहते, त्यामुळे टाकबोरूंच्या हिशेबानं हवा कितीही फुगली तरी ०.०२ मिलीच्या वर जात नाही.

भरताना निब पूर्ण बुडाली पाहिजे, तिच्यावरच्या बारीक भोकाच्याही वरपर्यंत. अर्धवट बुडवली की शाईऐवजी हवाच ओढते. पहिल्या खेपेला अर्धीच चढते म्हणून सगळी परत बाटलीत सोडायची आणि पुन्हा ओढायची. भरल्यावर दोन-तीन थेंब बाटलीत सोडून द्यायचे, निब वर करून बोंडं आणखी थोडं फिरवायचं, म्हणजे जिभेतली जादा शाई आत जाते. नंतर निब पुसायची. हे पुसणं विसरलात तर टोपणात शाई आणि बोटं निळी.

टाकबोरू

पद्धत बरोबर. पण पाऊण मिलीत आठवीच्या पोरीचं किती भागणार? एका दिवसात इतिहासाची प्रश्नोत्तरं, कन्नडचं शुद्धलेखन आणि गणित. रोज रात्री भरावं लागेल, आणि ज्या रात्री विसरेल त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत पेन बंद. ड्रॉपरच्या पेनात तीन मिली शाई राहते आणि त्यात बिघडण्यासारखा भागच नाही. खानापूर तालुक्यात कन्व्हर्टर फुटला तर दुसरा आणायला परत बेळगाव गाठा.

पुण्यातला_बेळगावकर

हे मात्र खरं. मग काडतूस (शाई भरूनच मिळणारी, पेनात बसवायची छोटी नळी)? लहान काडतुसात पाऊण मिलीच्या जरा वर, लांबड्यात जवळपास दुप्पट. रिकामं झालं की औषधाच्या दुकानातून सिरिंज आणून बाटलीतली शाई भरायची, बरेच दिवस चालतं. अर्थात सुई मोठ्यांनीच हाताळायची.

हिंडलगा_नाका

तुमची चर्चा वाचून मजा वाटली. आमच्या वेळी शाई घरी करायची असे. पुडी किंवा वडी आणायची, पाण्यात विरघळवायची, फडक्यातून गाळून बाटलीत. गाळली नाही तर जिभेत गाळ बसायचा. आज कॅमलिन म्हणून जी कंपनी ओळखतात ती दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केली ती अशाच घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्यांवर. उंट नंतर आला. मराठी माणसाचा धंदा म्हणून आमचे वडील तीच शाई घेत, रंग आवडो न आवडो.

मग चिनी हिरो आलं. टोपण सोनेरी, निब टोपणात जवळजवळ सगळी लपलेली, आणि आत रबरी नळीवर पत्र्याची पट्टी. बाटलीत बुडवून पट्टी दाबायची, सोडायची, थांबायचं. हे थांबणं कुणाला जमायचं नाही. भराभर दाबत सुटायचे आणि म्हणायचे पेन शाई घेत नाही. रबर फुगून परत गोल व्हायला वेळ लागतो, तेवढ्यातच शाई वर येते. चार-पाच वेळा सावकाश दाबलं की भरलं.

वर्गात शाई संपली की शेजारच्याकडून उसनी. तो आपलं पेन उघडून बाकावर दोन थेंब सोडायचा, आपण निबेनं टिपून घ्यायचं. या उसनवारीचे हिशेब अजून चुकते व्हायचे आहेत. माझ्याकडून थेंब घेतलेला एकजण आज सार्वजनिक वाचनालयात (आपलं १८४८ चं) रोज पेपर वाचताना भेटतो, पण शाईचं नाव काढत नाही.

सांबरा_रोड

काका, मस्त. जुन्या पेनांचा विषय निघालाच आहे म्हणून, राजमहेंद्रीच्या रत्नम यांची एबोनाइटची (म्हणजे कडक रबराची) पेनं कुणी वापरली आहेत का? स्वदेशी पेन म्हणून १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांना पत्र लिहिलं होतं. तीही ड्रॉपरचीच. एबोनाइटच्या पेनाची नळी जाड असते, हाताची ऊब आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे थेंब पडायचा त्रास पातळ प्लॅस्टिकपेक्षा कमी. धातूच्या नळीत मात्र ड्रॉपरनं शाई भरायच्या भानगडीत पडू नये. लगेच तापते, आणि काही धातूंना शाई खाते.

अथणीची_माती

गांधीजींचा विषय निघाला म्हणून विचारतो, १९२४ चं अधिवेशन बेळगावात झालं तेव्हा आपला भाग मुंबई इलाख्यात होता, मग १९५६ ला…

संपादक मंडळ

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा आहे, तिथं लिहावं. इथं फक्त शाई.

अथणीची_माती

बरं. मग शाईचंच विचारतो. पेन धुवायला कुठलं पाणी? आमच्याकडं बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतो.

कडोलीची_लेक

ते नको. तोच थर जिभेच्या खाचेत बसतो आणि मग शाई उतरत नाही. बेळगाव शहरात राकसकोपचं पाणी येतं त्यांना काळजी नाही. तुमच्याकडं फिल्टरचं घ्या, किंवा पावसाळ्यात पागोळीचं गाळून ठेवा. नवं पेन आणलं की पहिल्यांदा भरायच्या आधीही धुवायचं. कारखान्यातला तेलकटपणा जिभेला लागलेला असतो, त्यानं शाई तुटक येते. पेलाभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, त्यात बुडवून काढायचं, मग साध्या पाण्यानं फेस जाईपर्यंत. गरम पाणी अजिबात नको, एबोनाइटचा रंग उडतो आणि प्लॅस्टिक वाकडं होतं.

टाकबोरू

त्यात भर. दोन कंपन्यांच्या शाया एकात एक ओतायच्या नाहीत. प्रत्येकीची आम्लता वेगळी, काही एकत्र आल्या की गाळ धरतात. रंग बदलायचा तर आधी पेन धुवा. आणि चित्रकलेच्या वर्गातली काळी शाई, जिला चायनीज इंक म्हणतात, ती चुकूनही फौंटन पेनात जाता कामा नये. तिच्यात काजळी आणि लाख असते. वाळली की जीभ कायमची बंद. दुकानदार ‘काळी शाई’ म्हटलं की तीच पुढं करतो, बाटलीवर फौंटन पेन लिहिलंय का ते वाचूनच घ्या.

कणकुंबीचा_पाऊस

आमच्याकडं जूनपासून वेगळीच तऱ्हा. पेन ठणठणीत, शाई चांगली, पण कागद फुटतोय. लिहिलेलं अक्षर सुरवंटागत केसाळ दिसतंय आणि मागच्या पानावर उमटतंय.

हिंडलगा_नाका

कणकुंबीत तुम्ही राहता, कागद काय करणार! दमट कागद शाई शोषून घेतो. वह्या लोखंडी पेटीत ठेवा, आणि बारीक निब घ्या म्हणजे शाई कमी उतरेल. वही घेताना पान बोटांत चोळून बघायचं. खडबडीत, पिसासारखा हलका कागद असेल तर ती वही बॉलपेनाची. दुकानात स्वतःचं पेन न्यायचं आणि शेवटच्या पानावर एक रेघ ओढायची. दुकानदार कुरकुर करतो, करू दे.

नंदगडकर

मंडळी, मनापासून आभार. वाटीतले तांदूळ आणि भरलेली नळी, दोन्ही लागू पडलं. थेंब थांबलेत. पोरगी आता शाई खाली गेली की स्वतःच भरते, वर मला हवा फुगण्याचं गणित समजावून सांगते. भरलेली नळी असल्यामुळे आता आट्याशी मात्र जराशी ओल दिसते. निपाणीच्या दादांचा दोरा लावू का? घरात व्हॅसलीन आहे, ते चालेल का? आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टावर डाग पडलाय, त्याचं काय?

निपाणीचा_गडी

आता कसं! दोराच लावा. मेण इसरू नका.

सांबरा_रोड

दोरा चालतो, पण प्रत्येक वेळी उघडताना सुटतो. सिलिकॉन ग्रीस बघा. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडं असतं, ते रबरी रिंगांना लावतात. चिमूटभर मागितलं तर फुकट देतील. आट्यांवर पातळ बोट फिरवायचं, फक्त मागच्या आट्यांवर. निबेकडं गेलं तर शाई अडते. व्हॅसलीन नुसत्या प्लॅस्टिकच्या आट्यांना तात्पुरतं चालून जातं, पण आत रबरी रिंग असेल तर ती फुगून सैल होते, म्हणून मी तरी लावत नाही.

वडगावची_मावशी

डागाचं मी सांगते. शर्ट तापत्या पाण्यात घालू नको रे बाबा, आणि डाग असताना इस्त्रीही नको, पक्का बसतो. रॉयल ब्लू असेल तर नशीब चांगलं. वाहत्या गार पाण्याखाली डाग मागच्या बाजूनं धर, बरीचशी निघून जाते. उरलेली साबण लावून भिजत ठेव. दुधात भिजवतात काहीजण, मी करून बघितलंय, गार पाण्यानं जेवढं होतं त्याहून जास्त काही होत नाही आणि दूध वाया. बाटलीवर पर्मनंट लिहिलेली शाई असती तर मात्र शर्ट घरात घालायला काढावा लागला असता.

शहापूर_पेठ

माझा मुलगा डावखुरा आहे. ओळ लिहीत जातो तसा हात वरून फिरतो आणि सगळं फरपटतं. त्याला शाईचं पेन द्यावं की नको?

कडोलीची_लेक

द्यावं की. माझ्या वर्गात आहेत डावखुरे. वही उजवीकडं कलती करायची, म्हणजे हात ओळीच्या खाली राहतो. बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई. गुळगुळीत, चकचकीत कागदावर शाई उशिरा वाळते, त्याला थोडा रखरखीत कागद बरा. टिपकागद मिळाला तर हाताखाली ठेवायचा. पहिले काही दिवस बोटं निळी होतील, तेवढं सोसा.

नंदगडकर

शेवटचं एक विचारतो. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत पेन तसंच भरून ठेवलं तर चालेल ना?

टाकबोरू

नको. पाणी उडून जातं, रंग जिभेत वाळून बसतो. सुट्टी लागायच्या दिवशी उरलेली शाई वेगळ्या छोट्या बाटलीत काढा. मूळ बाटलीत परत ओतू नका, पेनातली घाण सगळ्या शाईत जाते. निबेचा भाग पाण्यात बुडवून ठेवा, पाणी निळं झालं की बदला, स्वच्छ राहीपर्यंत. मग निब खाली करून सुती फडक्यावर रात्रभर उभं ठेवलं की जिभेतलं पाणी फडकं ओढून घेतं. नळी आणि निबेचा भाग न जोडता डब्यात घालायचे. आणि शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट, कपाटात, उजेडापासून लांब. तळाशी गाळ किंवा तोंडाशी बुरशीचा तवंग दिसला तर ती बाटली सरळ फेकून द्या, गाळून वापरायच्या फंदात पडू नका.